साडेतीन लाखांचं इंजेक्शन आणि अडीच महिने पुरणारी बाटली

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत, बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सहा वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा काचबिंदू असल्याचं कळलं. उजव्या डोळ्याने आता कडेचं थोडंसंच दिसतं. डावा मधोमध चांगला आहे, पेपर वाचतात, पण बाजूचं आणि पायाखालचं दिसत नाही. गेल्या महिन्यात भांडुप स्टेशनच्या जिन्यावर पडता पडता वाचले. मागच्या तपासणीत प्रेशर उजव्यात २२ आणि डाव्यात १९ होतं, ‘जवळजवळ नॉर्मल आहे’ असं सांगितलं. रात्री दोन्ही डोळ्यांत लॅटानोप्रोस्टचा एकेक थेंब असतो, तो ते स्वतःच घालतात. औषध महाग आहे, पण एक बाटली दोन-अडीच महिने जाते, म्हणून परवडतं.

दादाला एका सेंटरची जाहिरात दिसली. पोटाच्या चरबीतून स्टेम सेल (मूळ पेशी) काढून डोळ्यात आणि सलाइनमधून सोडतात. त्याने डोळ्याची नस वाचते, काहींची गेलेली नजरही परत येते असं ते सांगतात. दोन्ही डोळे एकाच दिवशी, मिळून साडेतीन लाख. महिनाअखेरीपर्यंत नाव दिलं तर सवलत. दादा बाबांची एफडी मोडायला निघालाय. परदेशातल्या विद्यापीठाची एक बातमीही त्याने पाठवलीय, पेशींमुळे नस वाचल्याची. बाबा म्हणतात, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ माझा जीव होत नाही. पण मी नको म्हटलं आणि उद्या बाबांची नजर गेली, तर खापर माझ्यावर फुटेल. काय करू?
– एक मुलगी, भांडुप

उत्तर : हे इंजेक्शन घेऊ नका. एफडी मोडू नका, सवलतीसाठी टोकन म्हणूनही पैसे भरू नका. यात मला काडीचीही शंका नाही, म्हणून आधी हे सांगून मोकळी होते. आता कारणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाबांसाठी करण्यासारखं काय आहे ते. ते बरंच आहे, आणि त्यातलं निम्मं तुमच्या पत्रातच दडलेलं आहे.

दादाने पाठवलेली बातमी खोटी असेलच असं नाही. काचबिंदूत डोळ्याच्या पडद्यावरच्या गँग्लिऑन नावाच्या पेशी मरतात. या पेशींचे लांब तंतू एकत्र येऊन डोळ्याची नस बनते. एका नसेत असे साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. गेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. म्हणून गेली कित्येक वर्षं संशोधक विचारताहेत की डोळ्यातलं प्रेशर कमी करण्याच्या जोडीने नसेलाच काही बळ देता येईल का. बाहेरून सोडलेल्या पेशींचं काम इथे बाळंतिणीची उस्तवार करायला आलेल्या बाईसारखं असतं. त्या स्वतः नस होत नाहीत, शेजारी राहून पोषक द्रव्यं पुरवतात आणि अडचणीतल्या पेशींना तगून राहायला मदत करतात.

हे उंदरांमध्ये खरोखर घडलेलं आहे. २०१० साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी काचबिंदू केलेल्या उंदरांच्या डोळ्यांत अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल स्टेम सेल सोडल्या, तेव्हा नसेचे जास्त तंतू वाचले. याच प्रयोगात काही उंदरांना त्याच पेशी शिरेतून दिल्या होत्या. त्या डोळ्यापर्यंत पोचल्याच नाहीत आणि फायदाही झाला नाही. सेंटरवाले सलाइनमधून पेशी देणार म्हणतात ना, दादाला एवढी एक गोष्ट जरूर सांगा. २०१२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटाने नाकातल्या वासाच्या मज्जातंतूंभोवती असणाऱ्या पेशी उंदराच्या नसेच्या तोंडाशी सोडल्या, आणि तिथेही तंतूंची हानी कमी झाली. वासाचे मज्जातंतू माणसात जन्मभर नव्याने तयार होत राहतात, त्यांना वाट दाखवणाऱ्या या पेशी आहेत, म्हणून त्यांच्यावर एवढी आशा. मला स्वतःला हे काम फार मोलाचं वाटतं.

पण उंदराला काचबिंदू होतो तो प्रयोगशाळेत, काही आठवड्यांत. तुमच्या बाबांना तो कित्येक वर्षं आहे. कळला तो सहा वर्षांपूर्वी, सुरू झाला असेल त्याच्याही खूप आधी. उंदराचे निष्कर्ष आठवड्यांत हाती येतात. माणसाच्या डोळ्यात सोडलेल्या पेशी पाच वर्षांनी काय करतात, पडद्यावर चिकटून तो ओढतात का, हे पाहायला पाच वर्षंच लागतात.

आणि माणसांवर जे थोडं झालंय ते ऐका. ब्राझीलमध्ये पुढच्या टप्प्याचा काचबिंदू असलेल्या दोन रुग्णांच्या डोळ्यांत त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी सोडल्या, रीतसर चाचणी म्हणून. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. नजरेत सुधारणा झाली नाही, आणि दोघांपैकी एकाचा पडदा सुटला. त्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे हे जगापुढे मांडलं, म्हणून आज मी तुम्हाला सांगू शकते.

अमेरिकेत फ्लोरिडामधल्या एका क्लिनिकमध्ये तीन वयस्कर बायकांच्या डोळ्यांत पोटाच्या चरबीतल्या पेशी सोडल्या होत्या. त्यांना काचबिंदू नव्हता, पडद्याच्या मध्यभागाचा वयोमानाने होणारा आजार होता. प्रत्येकीने ५,००० डॉलर मोजले. दोन्ही डोळे एकाच दिवशी. काही दिवसांत डोळ्यांत रक्तस्राव, पडदा सुटणं असं सुरू झालं. इंजेक्शनला जाताना त्या बऱ्यापैकी पाहत होत्या. नंतर एकीची नजर पूर्ण गेली, उरलेल्या दोघींना अगदी अंधूक दिसू लागलं. मार्च २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या तिघींची हकिगत आली. तुमच्या पत्रात पोटाची चरबी, खिशातून मोजायचे पैसे आणि ‘दोन्ही डोळे एकाच दिवशी’ हे तिन्ही वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. नवा, न पारखलेला उपचार करणारा कुठलाही जबाबदार डोळ्यांचा डॉक्टर दोन्ही डोळ्यांत एकदम सुई घालणार नाही. एका डोळ्याचं काही बिनसलं तर दुसरा हाताशी राहिला पाहिजे, हा आमचा अगदी पहिला धडा. तुमच्या बाबांकडे तर हाताशी असलेला डोळा एकच आहे.

‘गेलेली नजर परत येते’ हा दावा तर निव्वळ फसवा आहे. नवी पेशी पडद्यावर जगली तरी तिचा तंतू नसेतून मेंदूपर्यंत वाढायला हवा, आणि तिथे नेमक्या जागी जुळायला हवा. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एका माणसात अख्खा डोळा बसवण्यात आला, जगात पहिल्यांदाच. डोळा जगला, पडद्याला रक्त मिळालं, पण त्या डोळ्याने त्याला दिसलं नाही. नस जुळत नाही, इथे अजून साऱ्या जगाचं घोडं अडलंय.

दादा म्हणेल, मग डोळ्यांसाठी स्टेम सेल वापरतात हे काय सगळं खोटंच? नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत चुना किंवा ॲसिड उडून खराब झालेल्या बुबुळावर स्टेम सेलचं रोपण वीसहून अधिक वर्षं होतंय, आणि त्याने अनेकांना दृष्टी मिळाली आहे. पण ते डोळ्याच्या पुढच्या काचेवरच्या त्वचेचं काम आहे, नसेचं नव्हे. जाहिरातवाले एकाचं यश दुसऱ्याच्या नावावर खपवतात. दुसरं उदाहरण तुमच्या विषयाच्या जवळचं आहे. पोषक द्रव्य तयार करणाऱ्या पेशी एका बारीकशा कुपीत बंद करून ती कुपी डोळ्यात बसवायची, म्हणजे पेशी सुट्या फिरत नाहीत आणि गरज पडली तर कुपी काढून घेता येते. अशा एका कुपीला मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली, पण ती पडद्याच्या मॅक्टेल नावाच्या एका वेगळ्या आजारासाठी. काचबिंदूसाठी तिची तपासणी थोड्या रुग्णांवर झाली आहे, परवानगी नाही. उद्या काचबिंदूत पेशींचा काही उपयोग झालाच, तर मला वाटतं तो अशा वाटेने येईल.

आपल्याकडचा नियमही सांगून ठेवते, भावाशी बोलताना उपयोगी पडेल. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या आजारांसाठीचं रोपण सोडलं तर स्टेम सेलचा रुग्णांवर वापर हा प्रयोग समजावा, आणि तो मंजुरी घेतलेल्या चाचणीतच व्हावा. प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घेणं त्यांना मान्य नाही. उलट चाचण्यांबाबतच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत रुग्णाला इजा झाली तर तिचा उपचार आणि भरपाई चाचणी घेणाऱ्यांना द्यावी लागते. तेव्हा दादाला सेंटरमध्ये एवढंच विचारू दे : ही चाचणी आहे का, असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मंजुरीचं पत्र आणि एथिक्स कमिटीची मान्यता दाखवा, आणि चाचणी असून साडेतीन लाख कसले? ‘आमची नोंदणी आहे’ असं म्हणून नंबर दाखवला तर तेवढ्यावर विसंबू नका. सीटीआरआय ही देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नुसती नोंदवही आहे. त्यात नाव असणं म्हणजे उपचार चांगला असल्याची पावती नव्हे.

आता त्या बाटलीकडे या.

लॅटानोप्रोस्टच्या अडीच मिलीच्या बाटलीत साधारण ७५-८० थेंब असतात. दोन डोळ्यांना रोज दोन, म्हणजे बाटली महिना, फार तर सव्वा महिना जायला हवी. हात थरथरतो, एखादा थेंब गालावर पडतो, म्हणजे खरं तर त्याच्याही आत संपायला हवी. तुमच्याकडे ती अडीच महिने जाते. याचा अर्थ निम्म्या रात्री थेंब पडतच नाहीये, किंवा एकाच डोळ्यात पडतोय. शिवाय उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांनी ती बाटली टाकूनच द्यायची असते, तेव्हा शेवटच्या महिन्यात जे पडतंय त्याचाही भरवसा नाही.

बाबांना रागावू नका. माझा अंदाज असा की ते औषध पुरवून पुरवून वापरताहेत, मुलांवर बोजा नको म्हणून. आमच्या ओपीडीत निवृत्त माणसं हे सर्रास करायची आणि विचारल्याशिवाय कधी सांगायची नाहीत. काचबिंदूत दुखत नाही, एक दिवस थेंब चुकला तर दुसऱ्या दिवशी काही फरक जाणवत नाही, त्यामुळे चुकवायला मनही धजावतं. ‘बाबा, थेंब कधी कधी राहतो का हो?’ एवढंच जवळ बसून विचारा. आणि आजपासून थेंब तुम्ही किंवा दादाने घालायचा. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून झालेल्या खाचेत एक थेंब, मग डोळे मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं हलका दाब. डोळे मिचकवायचे नाहीत. पुढे दुसरं औषध जोडलं तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. महागाईचं म्हणाल तर डॉक्टरांकडून कंपनीच्या नव्हे, औषधाच्या जेनेरिक नावाने चिठ्ठी लिहून घ्या आणि जन औषधी केंद्रात विचारा.

दुसरी गोष्ट, तो १९ चा आकडा. १० ते २१ हे ज्यांची नस धडधाकट आहे त्यांचं नॉर्मल. निम्म्याहून अधिक झिजलेल्या नसेला १९ झेपत नाही. पुढच्या टप्प्याच्या काचबिंदूवर अमेरिकेत एक मोठी पाहणी झाली, २००० साली ती छापून आली. ज्यांचं प्रेशर प्रत्येक भेटीत १८ च्या खाली राहिलं आणि सरासरी १२ च्या आसपास होतं, त्यांची नजर सहा वर्षं सरासरीने होती तिथेच टिकली. स्वीडनमधल्या पाहणीत एकेक अंकाने प्रेशर उतरलं की आजार वाढायचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी होताना दिसला. नस वाचवणारा उपचार हवा म्हणता ना, माणसांवर सिद्ध झालेला आज हाच एक आहे. जाहिरात करण्याइतका नवा नाही, एवढंच.

म्हणून पुढच्या भेटीत ‘प्रेशर नॉर्मल आहे का’ असं न विचारता ‘बाबांच्या नसेसाठी टार्गेट प्रेशर किती’ असं विचारा. आणि थेंब चुकत होते हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, नाहीतर ते औषध लागू पडत नाही असं समजतील. महिना-दीड महिना नेमाने थेंब घातल्यावर पुन्हा प्रेशर मोजायचं. तरी पुरेसं उतरलं नाही तर दुसरा थेंब, लेसर किंवा डोळ्यातलं पाणी बाहेर जायला वाट करून देणारं ट्रॅबेक्युलेक्टमी नावाचं ऑपरेशन. बाबांना दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर ते आधी सांगायचं, कारण काचबिंदूचेच टिमोलॉल नावाचे थेंब अशांना चालत नाहीत. ऑपरेशनची लोकांना फार धास्ती असते आणि ती अगदीच निराधार नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो, प्रेशर गरजेपेक्षा खाली जाऊ शकतं, क्वचित उरलेली नजरही दगावते. तरी २०२१ साली ब्रिटनमधल्या ४५३ रुग्णांच्या चाचणीत, पुढच्या टप्प्याच्या काचबिंदूत ऑपरेशन केलेल्यांचं प्रेशर दोन वर्षांनी सुमारे साडेबारा होतं आणि थेंबांवर असलेल्यांचं पंधरा. हा पर्याय डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही काढा. दुसरं मत हवं असेल तर जे.जे., के.ई.एम., सायन, कुठल्याही मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात फील्ड टेस्ट (दृष्टीच्या घेराची तपासणी) आणि ओसीटी (पडद्याचं आणि नसेचं स्कॅन) यांचे जुने सगळे कागद घेऊन जा. फक्त शेवटचा नको, सगळे. आजार किती वेगाने सरकतोय ते एका कागदावरून कळत नाही. सकाळी लवकर जा, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले तर दिवस मोडतो, आणि बाबांना एकटं पाठवू नका.

शेजारीपाजारी आता हजार उपाय सांगतील. त्यातल्या दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळायच्या. शीर्षासन नको, त्यात डोळ्यातलं प्रेशर दुपटीच्या घरात जातं. आणि डोळे लाल झाले म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालायचे नाहीत.

स्टेशनच्या जिन्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला ती बाब तितकीच गंभीर वाटते. काचबिंदूत खालच्या बाजूचं दिसेनासं झालं की जिना उतरताना पायरीची कड कळत नाही, फलाट आणि गाडीमधली फट कळत नाही. घरच्या जिन्याला प्रत्येक पायरीच्या कडेला ठसठशीत पिवळी पट्टी चिकटवा, रात्रीचा दिवा लावा. बाबांची दृष्टिक्षेत्राची तपासणी पाहून डॉक्टरांना दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल विचारा. २०१६ च्या कायद्यात नजर तीक्ष्ण असली तरी दृष्टीचा घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तर तो अल्पदृष्टीत आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्वात धरला जातो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळालं तर लोकलच्या दिव्यांग डब्यात बसता येईल. अंधांसाठी काम करणाऱ्या वरळीच्या नॅबसारख्या संस्थेत काठीने चालायचं शिक्षण कुठे मिळेल तेही विचारा. बाबा आधी नको म्हणतील, काठी म्हणजे हार मानणं वाटतं. त्यांना पेपर वाचता येतोय तोवरच शिकायचं असतं हे पटवा, कारण तेव्हा ते सोपं जातं.

आता खापराचं. बाबांची नजर पुढे आणखी कमी झाली, तर ती काचबिंदूमुळे होईल. नीट उपचार करूनही काहींची होते, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण उद्या त्या इंजेक्शनाने डावा डोळा गेला, तर तो आपण आपल्या हाताने, पैसे मोजून घालवलेला असेल. दादाला हे एकटीने सांगू नका. तोही बाबांच्या मायेपोटीच धावतोय, त्याला काहीतरी करायचंय. त्याला कामं द्या. डॉक्टरांची अपॉइंटमेंट, सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावणं, आणि एक दिवसाआड रात्रीचा थेंब. डॉक्टरांसमोर त्यालाच त्या सेंटरबद्दल विचारू दे, बहिणीने अडवलं यापेक्षा डॉक्टरांनी नको म्हटलं हे पचायला सोपं. पेशींच्या एखाद्या खऱ्या, फुकट, मंजूर चाचणीत बाबा बसतात का हेही त्याच डॉक्टरांना विचारता येईल. एफडीतून खर्च करायचाच असेल तर थेंबांसाठी आणि तपासण्यांसाठी दरमहा थोडे बाजूला काढा. ‘औषधाचे पैसे वेगळे ठेवलेत’ हे बाबांना एकदा स्पष्ट कळलं की बाटली पुरवायची सवय आपोआप सुटेल.

शेवटचं तुम्हा दोघांसाठी. आईवडिलांपैकी एकाला काचबिंदू असेल तर मुलांना तो होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, आणि बाबांच्या भावंडांनाही. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, ते कितीही असो. बाबांच्या पुढच्या अपॉइंटमेंटच्या दिवशीच तुम्ही आणि दादाने आपापला केसपेपर काढा. नुसता चष्म्याचा नंबर नको. प्रेशर, डोळ्यातल्या कोनाची तपासणी आणि नसेची तपासणी करून घ्या. काकांना आणि आत्यांनाही फोन करून हेच सांगा.